दादाशिवाय पहिलं वर्ष… ताशाचा उठाव कोणी घ्यायचा?

तर्रीवाला_पुणे:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो, त्यामुळे जरा विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या पथकाचा प्रमुख, आमचा दादा, एप्रिलमध्ये गेला. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. ५२ वय. आदल्या संध्याकाळी मला फोन करून विचारत होता की झांजांच्या दोऱ्या बदलायच्या आहेत, किती जोड आहेत मोजून ठेव. मी म्हटलं उद्या मोजतो.

आमचं पथक छोटं आहे, मोठ्या पथकांसारखं दोनशे ढोल वगैरे नाही. २००४ ला ११ ढोल आणि ३ ताशे, तेही मागून आणलेले, तिथून दादाने सुरू केलं. आता ६० ढोल आहेत, १५ ताशे, ध्वज वेगळे. या बावीस वर्षांत मिरवणुकीचा पहिला उठाव दादाशिवाय कुणी घेतलेला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मिरवणुकीत तोंडाने काही सांगून कुणाला ऐकू जात नाही, ढोलवाला फक्त ताशा ऐकतो. आधी ताशावर बारीक तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, धरायची, मग उठाव द्यायचा आणि त्या उठावावर सगळ्या ढोलांचा पहिला टोल एकदम पडतो. हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलायचा तरी ताशा, थांबायचं तरी ताशा. आमच्यासाठी पथक सुरू होणं म्हणजे दादाची मान उजवीकडे वळणं, सगळ्यांवरून एकदा नजर फिरणं आणि मग ती तर्री.

यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. वाद्यपूजन आम्ही दरवर्षी गुरुपौर्णिमेला करतो, म्हणजे २९ जुलैला. परवा मीटिंग झाली आणि तीन तास बसून काहीच ठरलं नाही. निम्मी पोरं म्हणतात यंदा वाजवायचंच नाही, एक वर्ष पथक बंद ठेवायचं, तीच खरी श्रद्धांजली. निम्मी म्हणतात दादाला हे अजिबात आवडलं नसतं. दोन्हीकडची पोरं रडून बोलत होती, त्यामुळे कुणाला चूक म्हणवत नाही. आणि वाजवायचं म्हटलं तर उठाव कोण घेणार, हा प्रश्न आला की सगळे खाली बघतात. मीही खालीच बघितलं. दादानंतर सगळ्यात जुना ताशावाला मीच आहे.

वाद्यपूजनाचंही आहे. दरवर्षी दादा आणि वहिनी जोडीने करायचे.

ज्यांच्या पथकावर अशी वेळ आली असेल त्यांनी काय केलं ते प्लीज सांगा.

---

नदीपात्र_सराव:

भावपूर्ण श्रद्धांजली. दादांना लांबून ओळखायचो, आमचा सराव पुलाच्या अलीकडे आणि तुमचा पलीकडे. एका वर्षी ऐन सरावात आमच्या ढोलांची दोन पानं फाटली तर तुमचे दादा स्वतः दोन ढोल खांद्यावर टाकून चालत आले आणि परत कधी देताय हेही विचारलं नाही. वाजवा. बंद ठेवू नका.

---

टिपरू_आणि_थाप:

धागा वाचून ऑफिसमध्ये जागेवरून उठून बाहेर आले. मी याच पथकात होते, २००९ ते २०१५. तर्रीवाल्या, तू मला ओळखशील, ध्वजाच्या मागे पहिल्या रांगेत उजवीकडून दुसरी. आता बेंगळुरूला असते. बातमी कळली तेव्हा यायला जमलं नाही, ते मनातून जात नाहीये.

मी आले तेव्हा पथकात आम्ही फक्त चार मुली होतो. पहिल्या वर्षी दादाने ढोलाला हात लावू दिला नाही, दोरी धरायला लावली. मला इतका राग आलेला, वाटलं मुलगी म्हणून दोरी. मग बघितलं तर सगळ्या नव्यांना दोरीच, तिथे मुलगा-मुलगी काही नाही. दादा म्हणायचा की दोरी धरून पथकाच्या कडेने चाललीस की तुला कळेल गर्दी कुठून रेटते आणि कोण दमलंय, मग ढोल बांध. बेलबाग चौक ते अलका चौक दोरी धरून चालल्यावर मला ते खरंच कळलं.

दुसऱ्या वर्षी ढोल मिळाला. कमरेला स्वतः बांधून दिला, गाठ मागे मारली आणि दोन बोटं आत घालून बघितली, श्वास घेता येतोय ना म्हणून. मी पूर्ण जोर लावून टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, मारत होते, दोन दिवसांत तळहाताला फोड आणि आवाज काही निघेना. दादा बाजूला उभा राहून बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, तू ढोलाला मारतेयस, टोल मारायचा नसतो, पाडायचा असतो, हात वर ने आणि सोडून दे. एवढंच. तिसऱ्या का चौथ्या वेळी तो पडला आणि पोटात घुमला. ते आजही आठवलं की पोटात घुमतं.

आणि कापूस! सराव सुरू व्हायच्या आधी कापसाचं बंडल घेऊन प्रत्येकाच्या कानापाशी यायचा. स्वतःच्या उजव्या कानाने त्याला कमी ऐकू यायचं, तरुणपणी कुणी सांगितलं नाही म्हणून. म्हणून तो नेहमी मान उजवीकडे वळवून उभा राहायचा ना? तू वर लिहिलंयस ती मान. मला ते खूप नंतर कळलं, तो डावा कान पुढे करून आमचा सूर बघायचा.

बंद ठेवायचं की नाही यावर मी बोलणं बरोबर नाही, मी आता तिथे नाही. पण सराव सुरू झाला तर मी एक शनिवार-रविवार येणार आहे, दोरी धरायला.

---

नारायणपेठकर:

वय वर्षं ७१, त्यामुळे थोडं मागचं सांगतो.

आमच्या लहानपणी मिरवणुकीत ढोल-लेझीम वाजवायला मुळशी, मावळ, भोर या बाजूची गावं यायची. गावकरी ढोल घेऊन यायचे, पेठेत मुक्काम करायचे, आम्ही पोरं त्यांच्या मागे फिरायचो. शाळा-कॉलेजातली मुलं शिस्तीत, रांगेत, एका वेषात ढोल वाजवतात हे चित्र नंतरचं, आणि त्याचं मोठं श्रेय ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडसे यांना जातं. त्यांनी १९६२ साली प्रबोधिनी काढली आणि ढोल, बरची (तालावर काठी फिरवत करायचा नाच) हे सगळं मुलांच्या घडणीचा भाग म्हणून घेतलं. पुढे रमणबागेसारख्या शाळांची पथकं उभी राहिली, आणि आता तर गल्लोगल्ली पथक आहे.

मुद्दा असा की आप्पा १९८३ साली गेले. त्यांना मानणारे लोक त्यांच्यासाठी जीव टाकत, ते जाणं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. पण प्रबोधिनीचं पथक आजही लक्ष्मी रोडवर असतं आणि त्यात वाजवणाऱ्या मुलांनी आप्पांना डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. बरची फिरते तेव्हा मला मात्र ते दिसतात. तुमचे दादा आम्हाला कुठे दिसावेत, हे तुम्ही ठरवायचं आहे.

---

भीमरूपी:

तर्रीवाले, आमच्यावर आलेली वेळ सांगतो. नाव सांगत नाही, आम्ही पुण्याबाहेरचे.

आमचे सर कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ ला गेले. २०२० आणि २०२१ ला मिरवणुका नव्हत्याच, त्यामुळे वाजवायचं की नाही हा प्रश्न आमच्यापुढे आला नाही, तो सरकारनेच सोडवला. पण त्याचा एक त्रास झाला जो आम्हाला नंतर कळला. त्यांच्यासाठी आम्ही एकत्र असं काहीच केलं नाही. अंत्यदर्शन नाही, शोकसभा नाही, चार माणसांत उरकलं. मग २०२२ ला निर्बंध उठले आणि मिरवणूक मोठी झाली, तेव्हा आम्ही ठरवलं की मुख्य चौकात पहिला उठाव रिकामा सोडायचा. म्हणजे सरांच्या जागी कुणी उभं राहायचं नाही, एक आवर्तन पूर्ण शांतता, मग सुरू.

कल्पना छान होती पण मिरवणुकीत शांतता कुणी देत नाही. आम्ही थांबलो तशी मागून गाडी पुढे आली, कार्यकर्ते ओरडायला लागले पुढे चला पुढे चला, एकाने तर आमच्या ताशावाल्याला धक्का दिला. त्यांनाही काय माहीत. सुरुवात झाली ती धक्काबुक्कीत, ढोल एकीकडे आणि ताशे दुसरीकडे. पोरं रडत वाजवत होती आणि ताल पूर्ण गेला. सरांच्या नावाने आम्ही आयुष्यातलं सगळ्यात वाईट वादन केलं, ते अजून टोचतं.

म्हणून हात जोडून सांगतो, जे काही करायचं ते सरावाच्या जागेवर करा. तिथे तुमचेच लोक असतात, तुमची वेळ असते. मिरवणूक ही बाप्पाची आणि रस्त्याची, तिथे फक्त चोख वाजवा.

---

कोथरूडचा_अमोघ:

दादांचा फोटो असलेले टीशर्ट करा ना सगळ्यांना, आणि चौकात मोठा फ्लेक्स. आमच्याकडे एका मंडळाने केलं होतं, मस्त झालं.

---

तर्रीवाला_पुणे:

अमोघ, तुझी भावना पोचली, मनापासून धन्यवाद. पण दादाला फ्लेक्स चालायचा नाही. पथकाच्या दहाव्या वर्षी आम्ही गुपचूप त्याचा फ्लेक्स लावला होता, तर त्याने तो उतरवून ढोल पावसापासून झाकायला वापरला. अजून तोच वापरतोय, फोटोवाली बाजू आत.

टिपरू, ओळखलं. तू ये. मानेचं तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी उभा राहून वाजवलं आणि मला वाटायचं ती त्याची स्टाईल आहे.

भीमरूपी दादा, तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांना ग्रुपवर वाचून दाखवलं. आमच्याकडेही रिकामा उठाव हीच आयडिया चालू होती. वाचलो.

दादाची एक गोष्ट सांगायची राहिली. २०२४ ला हरित लवादाचा आदेश आला होता आठवतंय का, एका पथकात ढोल-ताशे-झांजा मिळून ३० च्या वर माणसं नकोत. गणपती तोंडावर, सगळीकडे गडबड. त्या रात्री दादाने वही काढली आणि ३० नावं लिहायला बसला. आम्हाला वाटलं जुनी, पक्की माणसं घेईल. त्याने आधी यंदा पहिल्यांदा ढोल बांधणारी पोरं लिहिली, त्यांनी दोन महिने हात सोलून घेतलेत म्हणून, मग उरलेल्यात बाकीचे. ३० पूर्ण झाले तेव्हा लक्षात आलं की त्यात त्याचं स्वतःचं नाव नाही. १२ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि सगळेच वाजवायला उतरलो, पण ते पान मी फाडून जपून ठेवलंय.

---

माई_सातारा:

बाळा, मी काही ढोल वाजवत नाही, माझा नातू वाजवतो म्हणून हे सगळं वाचते. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

एक, सुतकाचं. सुतक दहा दिवसांचं आणि ते भावकीला. वर्षभर सण करत नाहीत ती ज्याच्या त्याच्या घरची रीत. पथकाला कुठलंही सुतक नाही, त्यामुळे कुणी शास्त्र काढून तुम्हाला थांबवत असेल तर तसं काही नाही. मनच होत नसेल तर ती वेगळी गोष्ट, तिला शास्त्राचं नाव देऊ नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तू लिहिलंस की वाद्यपूजन दादा आणि वहिनी जोडीने करायचे, आणि तिथेच वाक्य सोडून दिलंस. मला कळलं का सोडलंस. आता वहिनीला बोलवायचं कसं, कुंकू लावायचं कसं, लोक काय म्हणतील, हेच ना? माझे मालक जाऊन एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी गल्लीतल्या गणपतीला मला कुणी आरतीचं ताट दिलं नाही. कुणी वाईट बोललं नाही हो, उलट सगळे फार जपून वागले, माझ्या पुढून ताट अलगद पुढे नेलं. ते जपणं मी आजवर विसरले नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्यानंतर सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एक गाव करू शकतं तर साठ ढोलांचं पथक करू शकत नाही का? वहिनीला विचारा. तिला नको असेल तर नको. पण विचारा, आणि मोघम विचारू नका, पूजा तुम्हीच करायची आहे असं सांगून विचारा.

---

सांताक्लाराहून:

मी गेली १४ वर्षं कॅलिफोर्नियात आहे, इथल्या आपल्या ढोल-ताशा पथकात झांज वाजवतो. वेगळ्या बाजूने एक अनुभव सांगतो, बघा उपयोगी पडतो का.

आमच्या गावात सांता क्लारा व्हॅनगार्ड नावाचं ड्रम कोअर आहे, १९६७ पासूनचं. ड्रम आणि ब्रास घेऊन मैदानावर रांगा बदलत वाजवतात, उन्हाळाभर देशभर बसने फिरतात आणि शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात. गेल रॉयर म्हणून एक संगीतशिक्षक होते, त्यांनी ते उभं केलं आणि कित्येक वर्षं चालवलं. त्यांना जाऊनही आता खूप वर्षं झाली, पण जुने वादक त्यांच्याबद्दल बोलतात ते तुम्ही दादांबद्दल बोलताय तसंच.

तिथे दोन गोष्टी बघितल्या. एक म्हणजे तुमच्या उठावासारखंच त्यांचं असतं. स्नेअर ड्रमच्या रांगेत जो बरोबर मध्ये उभा असतो तो काडीने मोजून ठोके देतो आणि सगळे त्यावर सुरू होतात. पण तिथे वयाची अट आहे, २१ वर्षांपर्यंतच खेळता येतं. त्यामुळे मधली जागा सारखी बदलतच राहते, आजचा मधला पोरगा शेजारच्याला बघत-बघत तयार करतो. तुमच्याकडे बावीस वर्षं एकच माणूस होता म्हणून आता एवढं जड जातंय. यात दादांची चूक काढत नाहीये, कृपया तसं समजू नका.

दुसरी गोष्ट. २०२३ ला व्हॅनगार्ड मैदानात उतरलंच नाही. कारण पैशाचं होतं, शोकाचं नव्हतं. २०२४ ला परत आलं, सगळ्यांना आनंद झाला. पण ज्या पोरांचं २०२३ हे शेवटचं वर्ष होतं ती परत नाही येऊ शकली, त्यांचं वय संपलं. तुमच्या पथकातही असतील ना शेवटच्या वर्षाची पोरं, पुढच्या वर्षी नोकरीला बाहेरगावी जाणारी? एक वर्ष बंद ठेवताना त्यांनाही विचारा.

---

ताशा_तापवा:

तर्रीवाल्या, सरळ बोलतो, उठाव तूच घे. मान्य आहे जड आहे. पण तू इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभा होतास, तुझी तर्री ऐकून ढोलवाल्यांना सवयीचं वाटेल. दादा पोरांना असं उघड्यावर टाकून गेला नसता, त्याने तुला शेजारी उगाच ठेवलं नव्हतं.

---

टिपरू_आणि_थाप:

किंवा सगळे ताशे मिळून एकत्र उठाव? पंधराच्या पंधरा. म्हणजे त्याच्या जागी कुणी एकटा उभा नाही राहणार.

---

ताशा_तापवा:

ताई, कानाला गोड वाटतं पण पंधरा ताशांचा उठाव एकदम पडणं फार अवघड. एक काडी पुढे-मागे झाली की ढोलवाला गोंधळतो. महिनाभर रोज फक्त तेवढंच घासावं लागेल.

---

तर्रीवाला_पुणे:

उशिरा लिहितोय, माफ करा. मधे खूप काही झालं.

आधी शेवटच्या वर्षाची पोरं. मोजली तर आमच्याकडे सात निघाली. त्यातला एक, सगळ्यात जास्त जो म्हणत होता बंद ठेवा बंद ठेवा, तोच यांतला होता. त्याला म्हटलं तुझं शेवटचं आहे हे तू बोलला का नाहीस, तर म्हणाला माझ्यासाठी वाजवा असं कसं म्हणू. मग पुढे फार चर्चा झाली नाही. वाजवायचं ठरलं. फक्त यंदा दोनच सुपाऱ्या घेतल्यात, त्याही ओळखीच्या मंडळांच्या.

माई, तुम्ही सांगितलं तसं वहिनींकडे गेलो. मी आणि पथकातल्या दोघी. घरात गेल्यावर आधी अर्धा तास कुणालाच विषय काढता येईना, चहा गार झाला. शेवटी मीच म्हटलं, वहिनी, गुरुपौर्णिमेला पूजन तुम्ही करायचंय. त्यांनी विचारलं, माझ्याबरोबर कोण बसणार? मी म्हटलं कुणीही नाही, तुम्ही एकट्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या नारळ आणताना शेंडीचा आण, गेल्या वर्षी तुम्ही बिनशेंडीचा आणला होतात आणि हे माझ्यावर ओरडले होते.

२९ ला संध्याकाळी पाऊस होता. ढोल सगळे पुलाखाली मांडले. वहिनींनी प्रत्येक ढोलाला हळद-कुंकू लावलं, साठच्या साठ, वाकून वाकून, आम्ही म्हणत होतो पाचच लावा तरी ऐकलं नाही. एका काकूंनी मागे काहीतरी कुजबुज केली. दुसरी एक आजी, कुणाची ते मला माहीत नाही, पुढे झाली, ताटातलं कुंकू घेतलं आणि वहिनींच्या कपाळाला लावलं. बस, नंतर कुणी काही बोललं नाही. टिपरू तिथेच होती, रात्रीच्या बसने आली होती, दोरी धरून उभी, पाऊस कडेकडेने तिच्या अंगावर येत होता तरी जागा सोडली नाही.

दादाचा ताशा वहिनींनी घरून पिशवीतून आणला होता. आम्हाला वाटलं पूजेत ठेवून परत घरी नेतील, आम्ही तर काचेच्या पेटीचंही बोलत होतो. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या घरात कपाटावर पडून आहे, वाजवला नाही तर खराब होईल, तुम्हाला माहीत नाही का. मी पानावर बोट दाबून बघितलं तर खरंच सैल झालं होतं.

ताशा_तापवा, तुझं पटतंय पण मला एकट्याला नाही जमत, दोनदा प्रयत्न केला, तर्री धरली की घसा दाटतो आणि हात थांबतो. म्हणून टिपरू म्हणाली तसं पंधरा जणांचा उठाव बसवतोय. दादाचा ताशा दर सरावाला वेगळ्या पोराच्या गळ्यात, पाळी लावलीय. भीमरूपी दादा, शांतताही सरावातच ठेवली आहे, सुरुवातीला एक आवर्तन, वरून गाड्या जातात तेवढाच आवाज.

रोज पाऊण तास फक्त उठाव घासतोय. अजून एक काडी मागे-पुढे होतेय. काल अकराव्या वेळी जवळजवळ पडला होता, पण डावीकडून तिसरा पोरगा घाईत सुटला. दादाच्या ताशाचं पान बदलून घेतलंय, नवं आहे त्यामुळे आवाज अजून जरा कोरडा येतोय.